निर्मात्याचा स्वभाव

सहा दिवसांत जग घडवून झाल्यावर सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, असं बायबलचं पहिलं पुस्तक सांगतं. ‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकात त्या विसाव्याने देव ताजातवाना झाला असंही म्हटलं आहे. कुराणाच्या पन्नासाव्या सूरेत हेच सहा दिवस येतात, पण तिथे लगेच बजावलेलं आहे की या कामात थकवा आम्हांला शिवलासुद्धा नाही. शतपथ ब्राह्मणातला प्रजापती मात्र प्रजा निर्माण करता करता इतका दमतो, की त्याचे सांधे निखळतात, प्राण निघून जातो आणि त्याची पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. अग्निचयनात विटांची वेदी रचतात ती याचसाठी. बाबिलोनच्या कथेत देव आधीच थकलेले आहेत, आणि त्यांच्या थकव्यावर उपाय म्हणून माणूस जन्माला येतो.

जग कसं झालं याची माहिती म्हणून या कथा वाचल्या तर हाती फारसं लागत नाही. माती, पाणी, अंडं, उच्चारलेला शब्द असं काहीतरी साहित्य असतं आणि ते एक-दोन ओळींत संपतं. कथाकाराचं खरं लक्ष घडवणाऱ्याकडे असतं: तो एकटा होता का, घाबरला का, खूश झाला का, पस्तावला का. सृष्टिकथा हे निर्मात्याचं व्यक्तिचित्र आहे असं धरून वाचलं की एक गोष्ट ठळक दिसते. ग्रंथाने देवाचा स्वभाव एकदा ठरवून दिला आणि श्रद्धाळूंनी तो मुकाट मानला, असं सहसा घडलेलं नाही. देवाच्या वागण्यावरचे जुने आणि बोचरे आक्षेप नास्तिकांनी बाहेरून आणलेले नाहीत. ते परंपरेच्या घरातलेच आहेत, आणि कितीदा तरी त्याच ग्रंथाच्या पुढच्या पानावर आहेत.

बाबिलोनचे देव सर्वांत कमी सोज्वळ, म्हणून वाचायला सर्वांत रंजक. अत्राहसीसची कथा इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर मिळाली आहे. माणूस नव्हता तेव्हा नद्या-कालवे खणायचं काम कनिष्ठ देवांकडे होतं. वर्षानुवर्षं राबून ते विटले, त्यांनी अवजारं पेटवून दिली आणि मध्यरात्री एन्लिल या मुख्य देवाच्या वाड्याला वेढा घातला. चक्क संप! तोडगा असा निघाला, की एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं आणि राबायला एक नवा प्राणी घडवायचा. पुढे माणसं वाढली, त्यांचा गलका वाढला, एन्लिलची झोपमोड होऊ लागली. त्याने रोगराई पाठवली, दुष्काळ पाठवला आणि शेवटी महापूर. एन्की या देवाने झोपडीच्या कुडाला सांगतोय असं दाखवून ही बातमी अत्राहसीस या माणसाला फोडली, म्हणून त्याची नाव तरली. इकडे देवांवरच उपासमारीची पाळी आली, कारण नैवेद्य दाखवायला कुणी उरलं नव्हतं. पूर ओसरल्यावर पहिला बळी चढला, तेव्हा देव माशांसारखे त्याभोवती घोंघावले.

या कथेचा एक भाऊबंद गिल्गमेशच्या महाकाव्यात आहे. तो ज्या पाटीवर आहे ती ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने १८७२च्या डिसेंबरात लंडनमध्ये वाचून दाखवली, तेव्हा खळबळ उडाली ती बायबलमधल्या नोहाच्या महापुराच्या गोष्टीचं मूळ सापडलं म्हणून. मला दोन कथांमधलं साम्य कमी महत्त्वाचं वाटतं. हिब्रू कथाकाराने प्रसंग तेच ठेवले आणि देवाचा स्वभाव बदलला. त्याच्या पुराचं कारण गोंगाट नाही, पृथ्वीवर माजलेला जुलूम आहे. देव उपाशी राहत नाही. पण जुन्या देवाची एक खूण त्याच्याही हातून पुसायची राहिलीच: होमबळीचा सुवास घेऊन हा देव निवळतो आणि पुन्हा असं करणार नाही असं मनाशी ठरवतो.

बायबलच्या याच पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या दोन अध्यायांत देव दोन प्रकारचा आहे. मराठी बायबलमध्येही हा सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पहिल्या अध्यायात ‘देव’ आहे, दुसऱ्याच्या चौथ्या ओवीपासून तो ‘परमेश्वर देव’ होतो. पहिला देव लांबून आज्ञा करतो, प्रकाश-अंधार, पाणी-कोरडी जमीन वेगळी करतो आणि प्रत्येक टप्प्यावर काम चांगलं झालं असा शेरा मारतो. दुसरा मातीत हात घालतो, नाकपुड्यांत फुंकर घालतो, बाग लावतो, माणूस एकटा आहे हे बरं नाही असं त्याच्या नंतर ध्यानात येतं. संध्याकाळच्या गारव्यात तो बागेत फेरफटका मारतो आणि लपलेल्या आदामाला तू कुठे आहेस म्हणून हाक देतो. सहाव्या अध्यायात माणूस निर्माण केल्याचा त्याला पस्तावा होतो, मनाला यातना होतात. सर्वज्ञाला पस्तावा कसा व्हावा, हा प्रश्न पुढे धर्मशास्त्र्यांनी शेकडो वर्षं चघळला. कथाकाराला तो पडलेला दिसत नाही. आपल्या कृतीने ज्याला दुःख होऊ शकतं असा देव त्याला हवा होता.

काहींना तो सोसवला नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्कियन नावाच्या ख्रिस्ती माणसाने सरळ सांगून टाकलं, की जग घडवणारा रागीट, न्यायनिष्ठुर देव वेगळा आणि येशूने दाखवलेला दयाळू देव वेगळा. त्याने हिब्रू ग्रंथ बाजूला ठेवले, लूकचं काटछाट केलेलं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं एवढंच शास्त्र मानलं. इसवी सन १४४च्या सुमारास चर्चने त्याला बाहेर काढलं आणि तेर्तुलियनने त्याच्या खंडनासाठी पाच खंड खर्ची घातले. मार्कियन हरला खरा, पण जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, ही त्याची विभागणी आजही सहज बोलण्यात ऐकू येते.

चांगुलपण वाचवायचं तर सामर्थ्य कमी करायचं, हा मार्ग जरथुस्त्री परंपरेनेही घेतला, आणि जास्त नेटकेपणाने. तिथे दुष्टतेचा उगम अंग्र मैन्यू या वेगळ्या शक्तीत, त्यामुळे निर्माता अहुर मज्द निष्कलंक राहतो. या मताची परीक्षा मुंबईत झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८४३मध्ये पारशी धर्मावर मोठा ग्रंथ लिहून हे द्वैत झोडपलं. मग पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवायला आलेल्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने १८६२च्या आपल्या निबंधांत जरथुस्त्री गाथांचा अर्थ असा लावला, की चांगली आणि वाईट अशा दोन्ही प्रवृत्ती एकाच अहुर मज्दाच्या पोटातल्या आहेत. मुंबईच्या सुशिक्षित पारशांना तो पटला, कारण त्याने एकेश्वरवाद शाबूत राहत होता. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र फारशी कुणी बोलून दाखवली नाही: वाईटाला पुन्हा देवाच्याच घरात जागा मिळाली.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत निर्मात्याची जितकी रूपं आहेत तितकी दुसरीकडे क्वचितच असतील, आणि त्यांच्यात मेळ घालायची घाईही कुणाला नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातच तीन चित्रं आहेत. पुरुषसूक्तात तो स्वतः बळी आहे, हिरण्यगर्भाच्या सूक्तात तो स्वामी आहे आणि नासदीय सूक्तात तो आहे की नाही याचीच शंका. देवसुद्धा सृष्टीनंतरचे, तेव्हा त्यांना विचारून काय उपयोग, असं ते सूक्त म्हणतं आणि वरून पाहणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल असं सुचवून थांबतं. त्याचं कौतुक आता इतकं झालं आहे की मी त्यात भर घालत नाही.

बृहदारण्यकातली गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. आरंभी एकटा आत्मा होता, पुरुषाच्या आकाराचा. त्याने आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणी दिसलं नाही, आणि तो भ्याला. मग विचार केला, दुसरं कुणी नाहीच तर भ्यायचं कुणाला? भीती गेली, पण करमेना. म्हणून त्याने स्वतःचे दोन भाग केले, पती आणि पत्नी. ती मात्र विचारात पडली, की ज्याने मला स्वतःमधून जन्म दिला तोच माझ्याशी संग कसा करतो? ती गाय होऊन लपली, तो बैल झाला. ती घोडी झाली, तो घोडा झाला. असं करत मुंग्यांपर्यंत सारी जोडपी जन्मली. सृष्टीतल्या पहिल्या स्त्रीच्या मनात आलेला पहिला विचार हा निर्मात्याच्या वर्तनावरचा आक्षेप आहे, याकडे भाष्यकारांनी फारसं लक्ष दिलं नाही, हे त्यांच्या परीने स्वाभाविकच म्हणायचं.

ऐतरेय ब्राह्मणाने लक्ष दिलं. तिथे प्रजापती स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो, तेव्हा पूर्वी कुणी केलं नाही ते हा करतो आहे असं देव म्हणतात, आपली सगळी उग्र रूपं एकत्र करून एक धनुर्धर घडवतात आणि त्याच्याकडून प्रजापतीला बाण मारवतात. मृग, रोहिणी आणि व्याध ही नक्षत्रं म्हणजे आकाशात गोठलेला तोच प्रसंग. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’मध्ये वेदकाळ ठरवताना याच कथेचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हिंदू देवांच्या अनीतीची यादी करताना अशा कथा पुढे केल्या. त्या निर्मात्याला शिक्षा ग्रंथातल्या देवांनीच दिली होती, हे त्या यादीत येत नाही.

बौद्धांनी हीच एकटेपणाची गोष्ट घेतली आणि शांतपणे उलटवली. दीघनिकायाच्या पहिल्या सुत्तात, जग पुन्हा आकाराला येताना रिकाम्या ब्रह्मविमानात एक जीव आधी जन्मतो. पुष्कळ काळ एकटा राहून त्याला उबग येतो, आणखी कुणी असतं तर बरं असं वाटतं. तेवढ्यात इतर जीव आपापल्या कर्माने तिथे येऊन पडतात. पहिला समजतो, माझ्या इच्छेने हे झाले, मीच निर्माता. नंतर आलेलेही तसंच समजतात, कारण त्यांनी डोळे उघडले तेव्हा तो आधीपासून तिथे होता. यात दुष्टपणा कुणाचाच नाही, सगळा समजुतीचा घोटाळा. इतकं सौम्य आणि इतकं मर्मभेदी खंडन मला दुसरं माहीत नाही.

पुढे वाद तर्काच्या मैदानात गेला. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट वेदांचा कट्टर अभिमानी, पण निर्माता ईश्वर त्याला मान्य नव्हता. करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर आधी कुणी जीवच नव्हते, करुणा कुणाची आली? आणि करुणाच होती तर सगळे सुखीच का केले नाहीत? नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी आदिपुराणात जैन बाजूने अशीच प्रश्नांची फैर झाडली. परिपूर्ण असेल तर त्याला निर्माण करायची इच्छा कशी झाली? अपूर्ण असेल तर जमलं कसं? गंमत म्हणून केलं असेल तर तो पोरखेळ झाला.

शेवटचा टोमणा कुणावर आहे हे तेव्हाच्या वाचकाला लगेच कळलं असणार. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांनी ‘लीला’ हेच उत्तर दिलं होतं. ईश्वराला काही मिळवायचं नाही, म्हणून त्याच्या कृतीला हेतू नाही. शंकराचार्य इथे राजाच्या क्रीडेचा आणि सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात. मग पुढच्याच सूत्रात आक्षेप उभा: कुणी सुखी, कुणी पशू, कुणी दैन्यात, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय. यावर उत्तर, तो जीवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. पाऊस सगळीकडे सारखा पडतो, साळ उगवायची की जव हे बियाण्यावर. पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आलं म्हणाल, तर संसाराला आरंभच नाही.

तर्काची बांधणी भक्कम आहे. ईश्वरावरचे दोन्ही आरोप धुऊन निघतात, पण दोन गोष्टी मागे उरतात. ईश्वर दुसऱ्यांच्या खात्यांचा हिशेबनीस होतो, आणि दुःखाचा सारा भार दुःखी माणसाच्याच डोक्यावर येतो, तोही त्याला न आठवणाऱ्या जन्माच्या नावावर. जन्माने अस्पृश्य ठरलेल्यासाठी ही मांडणी काय घेऊन आली, ते चोखोबांच्या अभंगांत दिसतं. त्यांची देवाशी तक्रार आहे आणि पूर्वकर्माचं स्पष्टीकरणही त्यांच्याच तोंडी आहे, आणि दोन्ही एकमेकांना गप्प करू शकत नाहीत.

इस्लामी विचारात तिढा जरा वेगळा पडला. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत देव पृथ्वीवर आपला प्रतिनिधी नेमणार असं सांगतो, तेव्हा फरिश्ते विचारतात, की जो तिथे उत्पात करील आणि रक्त सांडील अशाला का नेमतोस? तुम्हांला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, एवढंच उत्तर मिळतं. देव न्यायाच्या नियमाने बांधलेला आहे असं मुतझिला पंथाचं म्हणणं. दहाव्या शतकाच्या सुमारास त्यातून बाहेर पडलेल्या अल्-अश्अरीने आपल्या गुरूला, जुब्बाईला, तीन भावांचं कोडं घातल्याची कथा प्रसिद्ध आहे. एक पुण्यवान मेला, एक पापी, एक लहानपणीच. पोरगं म्हणेल, मला आणखी आयुष्य का दिलं नाहीस, मीही पुण्य केलं असतं. देव म्हणेल, तू मोठा होऊन पापी होणार हे मला दिसत होतं, तुझ्या भल्यासाठीच लवकर नेलं. मग नरकातून पापी भाऊ ओरडेल: मलाही लहानपणीच का नेलं नाहीस? गुरू निरुत्तर झाला म्हणतात. त्यातून अश्अरींनी काढलेला निष्कर्ष असा, की देवाला आपल्या न्यायाची मोजपट्टी लावायचीच नाही. तो करतो तेच न्याय्य. चुकीच्या प्रश्नातून सुटका झाली, पण मग जवळजवळ प्रत्येक सूरेच्या आरंभी येणारे रहमान आणि रहीम हे शब्द माणसाच्या दयेशी कितपत नातं ठेवतात, हे सांगणं अवघड होऊन बसलं.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत धीट पुस्तक ‘ईयोब’. ईयोब सज्जन आहे. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात त्याच्या निष्ठेवरून पैज लागते आणि त्याची गुरंढोरं, मुलं, आरोग्य सगळं जातं. सांत्वनाला आलेले मित्र देवाची बाजू मांडतात: तुझं काहीतरी पाप असणार. ईयोब नाही म्हणतो आणि देवालाच जाब विचारतो. अखेर देव वावटळीतून बोलतो, ते चार अध्याय. पैजेचा उल्लेख नाही, न्यायाचा खुलासा नाही. तो दाखवतो ओसाड रानात पडणारा पाऊस, जिथे माणूस राहत नाही. स्वतःची अंडी तुडवली जातील याची पर्वा नसलेली शहामृगी, जिला अक्कल आपणच दिली नाही असं तो सांगतो. शिकार शोधणारी सिंहीण, रक्त पिणारी गरुडाची पिल्लं. या जगाच्या मध्यावर माणूस नाही. आणि शेवटी मित्रांना सुनावलं जातं, की माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही. देवाची वकिली करणारे दोषी, फिर्यादी निर्दोष.

गीतेच्या अकराव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. अर्जुनाला विश्वरूप दिसतं, दाढांमध्ये चिरडलेली डोकी दिसतात, पतंगांसारखे ज्वाळांत शिरणारे लोक दिसतात. तू कोण, असं तो विचारतो, आणि मी काळ आहे असं उत्तर येतं. ईयोब ऐकून गप्प होतो. अर्जुन गयावया करतो, ते आधीचं सौम्य रूप परत दाखव म्हणतो, आणि कृष्ण ऐकतो. ज्ञानेश्वरीत हा अध्याय विस्तारताना माउलींनी अर्जुनाच्या या माघारीला जी जागा दिली आहे ती पाहिली की भक्तिमार्ग कोणत्या वळणावर वेगळा झाला ते समजतं.

ईयोबमधली गरुडाची पिल्लं एका आधुनिक भांडणातही उपयोगी पडतात. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात हिशेब करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४च्या ऑक्टोबरात बसवला. भूगर्भशास्त्राने तो मोडीत काढला. तरी १९६१मध्ये व्हिटकॉम आणि मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ने अमेरिकेत तरुण पृथ्वीचा पक्ष नव्याने उभा केला, आणि २००७मध्ये केंटकीत उघडलेल्या म्युझियममध्ये माणूस आणि डायनोसॉर शेजारी शेजारी उभे केले गेले. बाहेरून हा शब्दप्रामाण्याचा हट्ट वाटतो. आत मात्र देवाच्या चारित्र्याचा मुद्दा आहे. आदामाच्या पापाने मृत्यू जगात आला असेल, तर त्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना फाडून खात होते आणि देव त्याला उत्तम म्हणत होता, हे कसं मानायचं? म्हणून काळच आखडता घ्यायचा. बायबलच्या पहिल्या अध्यायात सर्व प्राण्यांना हिरवा पाला अन्न म्हणून दिला आहे, तेव्हा सिंहही शाकाहारी होता असं ते म्हणतात.

मात्र त्याच बायबलच्या १०४व्या स्तोत्रात सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करत देवाकडे अन्न मागतात, आणि ईयोबमध्ये देव हे सारं अभिमानाने मिरवतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनेही लिहून ठेवलं होतं, की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला आणि आज मांस खाणारे तेव्हा गवत खात होते, हे म्हणणं पटण्यासारखं नाही. म्हणजे देवाचं चांगुलपण वाचवायला काढलेली ही पळवाट शास्त्राआधी शास्त्रवचनांनीच अडवली होती.

चारित्र्याचा असाच मुद्दा उलट्या बाजूने १८५७मध्ये आला. फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ‘ऑम्फलॉस’ लिहून सुचवलं, की देवाने झाडं वाढीच्या वलयांसकट, आदाम बेंबीसकट आणि खडक जीवाश्मांसकट एकदम घडवले. तर्काने हे खोडता येत नाही. पण त्याचा मित्र, पाद्री आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जली याला ते पटेना: देवाने खडकांवर एवढं मोठं खोटं लिहून ठेवलं असेल हे आपल्याला मानवत नाही, असं त्याने कळवलं. भूगर्भशास्त्राला त्याने थारा दिला तो देव खरा असावा म्हणून. तीन वर्षांनी डार्विनने एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणारी गांधीलमाशी मुद्दाम घडवली असेल हे स्वतःच्या मनाला पटवता येत नाही. तिथेही अडचण पुराव्याची कमी, स्वभावाची जास्त.

‘ऑम्फलॉस’ निघालं त्याच वर्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्या वादांची हकिगत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने छापली. त्याआधी १८३०-३१मध्ये जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची जुंपली होती, आणि तिथेही मुख्य विषय देवांचं वागणं हाच होता: देवाच्या कृत्यांना माणसाची नीती लावायची की नाही. गोव्यात मात्र त्याच्याही दोनशे वर्षं आधी वेगळाच प्रयोग झाला होता. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत, मराठीत. आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग दुसरी का देत नाही, असं एका नवख्रिस्ती माणसाने विचारल्याचा प्रसंग त्यात आहे. म्हणून आदाम-हव्वेची गोष्ट ओवीत आली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं गेलं, आणि सीनायच्या देवाला मराठी पुराणाचा लळा लागला.

वारकऱ्यांनी निर्मात्याच्या प्रश्नाला वळसाच घातला. विठ्ठलाने सृष्टी कशी घडवली हे कीर्तनात कुणी रंगवून सांगत नाही. महिपतींच्या १७६२च्या भक्तविजयात त्याचा स्वभाव दिसतो तो कामांतून: जनीबरोबर दळतो, दामाजीसाठी विठू महार होऊन धान्याचं देणं बिदरला भरतो. मालकाचा चाकर झालेला हा देव अत्राहसीसच्या देवांच्या अगदी उलट. मात्र सृष्टीची मूळ कथा त्याने जागेवर राहू दिली, आणि त्या कथेत पुरुषाच्या तोंडातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र जन्मत होते.

जोतीराव फुल्यांनी बोट तिथेच ठेवलं. १८७३च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद सुरू होतो तो याच कथेवर. इंग्रज, फ्रेंच वगैरे लोक ब्रह्म्याच्या कोणत्या अवयवातून निघाले? मुखातून मूल जन्मलं, तर ते मुख बाईसारखं विटाळशी होऊन दूर बसत होतं की काय? भाषा खवचट आहे आणि ती तशीच हवी होती. पण फुले निर्माता नाकारत नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त ‘निर्मीक’ आहे. त्याने सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले, त्याला नैवेद्य नको, मध्यस्थ नको. दुष्काळ आणि रोगराई या निर्मीकाच्या जगात का, याचं उत्तर फुले फारसं शोधत नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’मधला शेतकरी नाडला जातो तो भटाच्या आणि सरकारी कामगाराच्या हातून. निर्मीक त्यांना हवा होता तो दुःखाचा खुलासा म्हणून नव्हे, हक्काचा साक्षीदार म्हणून.

डॉ. आंबेडकरांनी १९४६च्या शूद्रांवरील ग्रंथात पुरुषसूक्ताची कसून उलटतपासणी केली. १९५६मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची होती, आणि वर्षभराने प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये निर्माता ईश्वर नाकारणारे युक्तिवाद आहेत. ते ओळखीचे वाटतात, कारण त्यांतले काही कुमारिलानेही केले होते. पण निर्माता नाकारूनही कुमारिलाने वर्ण राखला. वेदाला कर्ताच नाही, म्हणून तो निर्दोष, आणि म्हणून वर्णव्यवस्थाही कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. बुद्धाने क्षत्रिय असून उपदेशाचं काम पत्करलं, हा त्याचा बुद्धावरचा एक आरोप आहे. देव काढून टाकल्यावर त्याच्या चारित्र्याचा प्रश्न मिटला आणि व्यवस्थेला जाब विचारायला समोर कुणीच उरलं नाही. फुल्यांना निर्मीक लागला तो इथे.